वीतभर पुढे

गाडी थांबली, पण जिथे थांबायला हवी होती तिथे नाही. वीतभर पुढे. झालं ते एवढंच. सिग्नल त्याच्या बाजूचा होता, पांढऱ्या पट्ट्यांवरून तो रोजच्यासारखा डब्याची पिशवी हलवत चालला होता, आणि सावकाश येणारी ती गाडी आता थांबेल, आता थांबेल असं वाटत असतानाच पुढे सरकली आणि पिशवीला येऊन टेकली. आत डब्याचं झाकण टक् करून वाजलं. लागलं नाही, खरचटलं नाही, आजूबाजूच्या कुणी मान वळवूनही पाहिलं नाही. त्याने मात्र मान वर केली आणि बॉनेटवरचा निळा आकडा पाहिला. नऊ. म्हणजे आपलीच. त्याच्याच संस्थेची, त्याच्याच ताब्यातल्या तेवीस गाड्यांपैकी एक. काचेआड स्टीअरिंगला बिलगून बसलेला मास्तरांचा जावई, आणि मागे डायलिसिसला निघालेले चार पेशंट. जावयाने पटकन हात वर केला, हसला, आणि मग ते हसू कुठे ठेवावं हे न कळून आरशात बघायला लागला. तोही हसला. काय करणार? पण पलीकडच्या फुटपाथवर आल्यावर एका बंद दुकानाच्या शटरला हात टेकून तो उभा राहिला. ही भीती काही मरणाची नव्हती. समोर रस्ता मोकळा, चालवणारा कसलेला, वेग म्हणावा तर सायकलीचा. अशी गाडी वीतभर पुढे जाते ती एकाच कारणाने, आणि ते ओळखायला त्याला मिस्त्रीची गरज नव्हती. ब्रेक उशिरा धरतोय. वाक्य मनात उमटलं ते त्याच्या स्वतःच्या आवाजात नाहीच. मास्तरांच्या आवाजात उमटलं.

ऑफिसात त्याला सगळे गाडीसाहेब म्हणत. खरा हुद्दा लांबलचक होता, दारावरच्या पाटीत मावला नव्हता, म्हणून पाटीच लावली नव्हती. संस्थेचं रुग्णालय होतं. पेशंटना घरून आणायचं आणि परत घरी सोडायचं काम या तेवीस गाड्या करत, आणि दर वर्षी त्यातल्या तीन मोडीत काढून तीन नव्या घ्यायच्या असा ठराव होता. कुठल्या तीन, हे ठरवायचं त्याने. आज पाचच्या आत यादी मोठ्या साहेबांच्या टेबलावर जायची होती, आणि यादी कालच तयार झाली होती: दोन, चौदा, एकवीस. त्याने काही मनाने ठरवलेलं नव्हतं हो, तक्त्याने ठरवलेलं होतं. अकरा वर्षांपूर्वी हा तक्ता त्यानेच बनवला होता, आणि तेव्हा त्याची छाती कशी फुगली होती! गाडीचं वय किती, धावली किती, वर्कशॉपात उभी किती दिवस, आणि चालकाच्या वहीत तक्रारी किती. प्रत्येकाचे गुण मांडायचे, बेरीज करायची, सगळ्यात वरच्या तीन गाड्या मोडीत. त्याआधी काय होतं? ज्याची जीभ गोड त्याला नवी गाडी. ते बंद व्हावं म्हणून त्याने दुसराही एक नियम घातला. गाडी मोडीत निघाली की तिचा चालक वर्कशॉपबाहेरच्या बाकड्यावर बसणार, कुणी रजेवर गेलं तर त्याची बदली गाडी चालवणार, आणि नवी गाडी बाकड्यावर सगळ्यात जास्त दिवस काढलेल्याला मिळणार. वशिला नाही, लाडीगोडी नाही. नियम वाचून दाखवला तेव्हा चालकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मास्तरही होते.

टाळ्या विरल्या आणि महिन्याभरात वह्या मुक्या झाल्या. हे त्याला कळलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. बाकडं म्हणजे नुसतं लाकूड नव्हतं. तिथे बसलेल्याला येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारी, "काय, आज आराम?" वर्ष-वर्ष तिथे बसून माणसं काडीने चाकांतली माती कोरत, दुसऱ्यांच्या गाड्या पुसून देत. ज्याला बाकडं नको त्याने वहीत तक्रार लिहायची नाही, हा साधा हिशेब वीसेक जणांनी न बोलता जुळवला. गाडी कण्हो, कुंथो, वहीत रोज एकच ओळ, "सर्व ठीक." आणि वहीत नोंद नसेल तर मिस्त्रीने गाडीला हात लावायचा नाही, हाही नियम त्याचाच, कारण पूर्वी मिस्त्री मर्जीतल्या लोकांची कामं आधी करी. लिहीत ते दोघंतिघं, ज्यांना बाकड्याचं काही वाटत नसे. एकवीसच्या चालकाने तर एकदा "गाडी रुसल्यासारखी वाटते" असंही लिहिलं होतं, आणि तक्त्याने त्याचेही गुण धरले होते. म्हणजे झालं असं की बोलक्या माणसांच्या धडधाकट गाड्या मोडीत निघत राहिल्या आणि मुक्या माणसांच्या मोडक्या गाड्या पेशंट वाहत राहिल्या. तक्ता बिनचूक होता. बेरजेत कधी चूक निघाली नाही. त्याने टेबलावर नऊ नंबरची वही उघडली आणि पानं मागे मागे चाळली. चौदा महिने, एकाच शाईत, एकाच वळणात, सर्व ठीक, सर्व ठीक, सर्व ठीक. हे वळण त्याच्या ओळखीचं होतं. 'ठ'च्या पोटात दाबून काढलेला ठिपका, तोसुद्धा. जावई अक्षर मास्तरांकडूनच शिकला होता की काय, देव जाणे.

मास्तरांना मास्तर म्हणत कारण संस्थेतल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली होती. त्यालाही. तेव्हा तो साहेब नव्हता, आवक-जावक लिहिणारा कारकून होता, आणि मास्तर त्याला "अरे" म्हणत. रविवारी सकाळी रुग्णालयामागच्या मोकळ्या आवारात चार नंबरची गाडी, तेव्हा ती कोरी करकरीत होती, आणि शेजारी मास्तर, मांडीवर हात ठेवून डोळे मिटून बसलेले. डोळे मिटून! "मला बघायचं नाहीये, मला ऐकायचंय," म्हणत. गिअर खरकन वाजला की म्हणत, "अरे, तिचे दात पाडशील. क्लच सासूबाईंसारखा सांभाळायचा, एकदम सोडायचा नाही, धरूनही बसायचं नाही." तो हसून हसून गाडी बंद पाडी. ब्रेकच्या बाबतीत मात्र मास्तर चेष्टा करत नसत. जमिनीवर खडूने रेघ ओढत आणि गाडी बरोबर रेघेवर थांबवायला लावत. चाक बोटभर पुढे गेलं तरी खाली उतरवून ते बोटभर दाखवत. "चालवायला काय, उतारावर धोंडाही चालतो. थांबवता आली की समज, गाडी आली." किती रविवार गेले त्या रेघेपायी! पुढे तो परीक्षा देत वर चढला, खुर्चीवर बसला, आणि पहिल्याच दिवशी मास्तर दारात उभे राहून म्हणाले, "येऊ का साहेब?" "अहो मास्तर, साहेब काय!" तो म्हणाला होता, पण एकदाच म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं. मास्तर थांबले होते क्षणभर, बहुतेक त्या दुसऱ्या वेळेसाठीच.

आणि मग ती नळाजवळची दुपार. सात वर्षं झाली, पण त्या दुपारचं पाणी अजून त्याच्या हातावरून वाहतं. वर्कशॉपच्या टाकीखाली तो हात धूत होता, मास्तर शेजारी येऊन चिंधीने बोटांचं तेल पुसत उभे राहिले. त्याच्याकडे न बघता, टाकीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "साहेब, चार नंबरचा ब्रेक जरा उशिरा धरतोय. वहीत लिहीत नाही. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय, या वयात बाकड्यावर बसायचं जिवावर येतं. तुम्ही तेवढं मिस्त्रीच्या कानावर घाला." त्या आठवड्यात आधीच दोन गाड्या बंद होत्या. तिसरी उभी केली असती तर पेशंट ताटकळले असते, फोन खणखणले असते. परवा सांगू, त्या दोन सुटल्या की सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि तोंडाने म्हणाला, "हं." बस्स. आयुष्यात माणूस किती शब्द बोलतो, त्यातला हा शब्दसुद्धा नाही, नुसता नाकातून काढलेला आवाज. पण मास्तरांना तो पुरला. "बरं झालं, डोक्यावरचं ओझं उतरलं," म्हणाले, आणि चिंधी खांद्यावर टाकून शीळ घालत गेले. बायको अजून त्याच्यावर चिडते. "तुमच्या या 'हं'चं काय लोणचं घालायचंय? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा!" तिला काय ठाऊक! तिने हे म्हटलं की त्याच्या हातांना गार पाणी लागतं, आणि तो उठून दुसऱ्या खोलीत जातो.

परवा उजाडला आणि मागच्या फाटकाच्या उतारावर चार नंबरची गाडी थांबली नाही. फाटकाशी व्हीलचेअरवरचे दोन पेशंट होते. मास्तरांनी स्टीअरिंग स्वतःच्या बाजूला ओढलं आणि गाडी भिंतीवर घातली, अशी की भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये आला तो त्यांचाच उजवा गुडघा. गाडीतल्या कुणाला काही झालं नाही, फाटकाशी कुणाला काही झालं नाही. चौकशी झाली. अहवाल लिहायचा त्याने. त्याने आधी लिहिलं होतं, "चालकाच्या वहीत तक्रारीची नोंद नाही." हे खरं होतं, अक्षर न् अक्षर खरं. मोठ्या साहेबांनी वाचलं, पेन्सिल त्या ओळीखाली धरली आणि विचारलं, "वहीत नाही. मग तोंडी काही बोलला होता का?" त्या वेळी खोलीत पंखा फिरत होता आणि पेपरवेटखालचे कागद फडफडत होते, आणि त्या फडफडीकडे बघत तो म्हणाला, "नाही." तिथे 'हं' म्हणाला असता तरी चाललं असतं. पण तिथे नेमका स्वच्छ शब्द निघाला. मग ओळ बदलली, "चालकाने कोणतीही तक्रार केलेली नव्हती." मास्तरांना घरी बसवलं, निष्काळजीपणा असा शेरा मारून. वर्कशॉपात एक काळा फळा होता, विनाअपघात चालकांच्या नावांचा, त्यावर सगळ्यात वर मास्तरांचं नाव आणि पुढे सव्वीस वर्षं. रंगाऱ्याने ते टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसलं. नीट पुसलं गेलं नाही. ऊन तिरपं आलं की अजून तिथे नावाचा चट्टा दिसतो, म्हणून तो वर्कशॉपात जातो तो दुपारी बारा वाजता. सात वर्षं मास्तरांच्या घरी तो गेला नाही. सुरुवातीला वाटायचं, ते कुणाला तरी सांगतील, आणि कुणीतरी येऊन आपली कॉलर धरेल. कुणी आलं नाही. त्यांनी सांगितलंच नाही की काय? मग तो नळ, ती चिंधी, ते सगळं आपल्यालाच पडलेलं स्वप्न, असंही एकदोनदा मनाला पटवून पाहिलं. मन असं पटतं थोडंच. पुढे मास्तरांचा जावई चालक म्हणून लागला. वर्कशॉपवाले त्याला पहिल्या दिवसापासून जावईच म्हणू लागले, "या जावईबापू, पाय धुवायला पाणी देऊ का?" म्हणून छळू लागले, आणि तो बिचारा हसत राहिला. त्याला नऊ नंबर मिळाली. तोही कधी काही बोलला नाही.

अकरा वाजता जावई पेशंट सोडून आला तेव्हा त्याने त्याला आत बोलावलं. "दार लाव. बस."

"उभा ठीक आहे, साहेब."

"सकाळी काय झालं?"

"पाय घसरला साहेब पेडलवरून. नवीन चपला आहेत." त्याच्या पायात जुने, टाचा झिजलेले बूट होते. दोघांनीही त्या बुटांकडे पाहिलं.

"ब्रेक कधीपासून असा आहे?"

"वहीत बघा ना साहेब. सर्व ठीक आहे."

"वही गेली खड्ड्यात! मी तुला विचारतोय."

जावयाने पाय मागे घेतले. मग हळूच म्हणाला, "माझ्या गाडीतल्या आजी आहेत ना, हिरव्या स्वेटरवाल्या, त्या दुसऱ्या कुणाच्या हाताला धरून उतरत नाहीत. मी बाकड्यावर बसलो तर त्या यायच्या बंद होतील. एकदा झाल्या होत्या, मी आजारी होतो तेव्हा. आठ दिवसांत तोंड सुजून हे एवढं झालं होतं." त्याने दोन्ही तळवे गालांपासून लांब धरून दाखवलं. "मी जपून चालवतो, साहेब. आधीपासूनच दाबायला लागतो."

आधीपासूनच दाबायला लागतो! मास्तरही तेच करत असणार, त्या शेवटच्या दिवसांत. त्याला एकदम वाटलं, खडूची रेघ घेऊन यावं आणि या पोराच्या पुढ्यात ओढावी. त्याऐवजी त्याने मिस्त्रीला बोलावून नऊ नंबर उचलून बघायला सांगितलं, आणि मिस्त्री कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "वहीत नोंद कुठाय?" "नोंद मी आहे. बघ आधी." अर्ध्या तासाने मिस्त्री परत आला तो हात न पुसताच. "साहेब, नळ्या आतून कुजल्यात. आज नीट करून देतो, महिन्याने पुन्हा तेच. फाटक्याला किती ठिगळं लावणार? ही गाडी दोन वर्षांपूर्वीच जायला हवी होती. मला वाटलं तुमच्या तक्त्यात येईल." "नाही आली," तो म्हणाला. "ती येतच नाही तक्त्यात."

जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा उघडला, वरचं झाकण थोडं चेपलं होतं. जेवण गेलं नाही. यादी पुढे ओढली. नऊ नंबरचे गुण अडतीस, एकवीसचे एकसष्ट. अडतीसची गाडी एकसष्टच्या वर न्यायची तर एकच वाट होती, आणि ती त्यालाच ठाऊक होती, कारण ती त्यानेच ठेवली होती. तक्त्याच्या अगदी तळाला एक रिकामा रकाना होता, "विशेष शेरा." खाली बारीक अक्षरात, गाडीसाहेबांना प्रत्यक्ष अथवा तोंडी मिळालेली माहिती. अकरा वर्षांत त्या रकान्यात एक टिंब पडलं नव्हतं. सगळे तो विसरूनही गेले असतील. आज तिथे काही लिहायचं म्हणजे रकाना जागा करायचा. मोठे साहेब चष्मा वर सरकवून विचारणारच, "हे तोंडी वगैरे तक्त्यात आधीपासून होतं?" होतं, साहेब. सात वर्षांपूर्वी होतं? होतं. मग तेव्हा... इथवर येऊन त्याचं मन लगाम ओढल्यासारखं थांबे, फिरून मागे जाई, आणि पुन्हा तिथेच येई. ब्रेक आज दुरुस्त होतोय, पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात बघू, दर आठवड्याला स्वतः तपासू, कुणाला कळायची गरज काय? परवा सांगू. परवा! हा शब्द मनात आला मात्र, त्याने पेनाचं टोपण काढलं. घाईघाईने, अक्षर बिघडवत त्याने लिहिलं, "नऊ नंबरचा ब्रेक उशिरा धरतो. आज सकाळी मी स्वतः अनुभवले. गाडी मोडीत काढावी." सही केली. खाली अर्धा रकाना रिकामा होता. रिकामा ठेवला असता तरी चाललं असतं, नऊ नंबरचं काम झालं होतं. त्या रिकाम्या जागेकडे तो किती वेळ बघत होता कोण जाणे. मग त्याने पुढे लिहिलं, "अशीच तक्रार सात वर्षांपूर्वी चार नंबरच्या चालकाने माझ्याकडे तोंडी केली होती. अपघाताच्या आधी दोन दिवस. मी ती दाबली. अहवालात खोटे सांगितले." एकवीस खोडून नऊ घातलं. कागद स्वतः नेऊन मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. ते जागेवर नव्हते. पेपरवेट तोच होता.

परत येताना तो वर्कशॉपकडून आला. ऊन तिरपं झालं होतं आणि फळ्यावरचा चट्टा स्पष्ट दिसत होता, पण त्याने मान फिरवली नाही. नऊ नंबर चाकं काढून ठोकळ्यांवर उभी होती. बातमी पोचलीच होती, अशा बातम्यांना पाय लागतात. जावई बाकड्यावर बसला होता, मांडीवर डबा, हात डब्यावर. तो जाऊन शेजारी बसला. साहेब बाकड्यावर बसलेला पाहून पलीकडे पाना घेतलेला मिस्त्री पाना धरून तसाच उभा राहिला.

"आजींना आणायला उद्या जी गाडी जाईल तिच्यात तू बस," तो म्हणाला. "चालवू नकोस. हाताला धरून उतरव. त्याला कुठला नियम आड येत नाही. आला तर मी बघतो."

जावयाने मान हलवली. मग गाडीसाहेबानेच तोंड उघडलं. "मास्तरांनी मला सांगितलं होतं. ब्रेकचं. मी ऐकलं होतं."

"माहीत आहे, साहेब."

तो जावयाकडे वळला. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा आम्ही सगळे खाटेभोवतीच होतो. त्यांनी घरात सगळ्यांना सांगितलं."

"मग इथे येऊन कुणी बोललं का नाही? सात वर्षं! एकानेही?"

"मी निघालो होतो. सासूबाई तर पदर खोचून निघाल्या होत्या." जावई डब्याच्या कडीशी चाळा करत म्हणाला, "मास्तरांनीच अडवलं. म्हणाले, आपण कशाला बोलायचं? साहेबांनी ऐकलंय. ते सांगतील." त्याने कडी सोडली. "अजून कुणी विषय काढला की तेच म्हणतात. मी शिकवलाय त्याला, तो सांगेल म्हणतात. घरात आम्ही आता विषय काढत नाही."

पलीकडे मिस्त्रीने पाना खाली ठेवला. गाडीसाहेबाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, उजवा गुडघा चाचपून पाहिला, धड होता. मग कसंबसं विचारलं, "संध्याकाळी असतात का मास्तर घरी?"

"असतात की," जावई म्हणाला. "जाणार कुठे?"